पोर्तुगालने नक्की काय केलं

आज दिवसभराच्या चर्चेत 'पोर्तुगालमध्ये ड्रग्ज कायदेशीर आहेत' हे पुन्हा पुन्हा ऐकू आलं. तसं नाहीये. तिथे मनाई आजही आहे. 1 जुलै 2001 पासून एवढंच बदललं, की स्वतःच्या वापरापुरता, सरासरी दहा दिवसांचा साठा बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. सरकारी तक्त्यानुसार दहा दिवसांचा साठा म्हणजे हेरॉइन 1 ग्रॅम, कोकेन 2, चरस 5, गांजा 25. विक्रीला तुरुंगच.

पोलीस माल जप्त करतात आणि माणसाला 72 तासांत तीन सदस्यांच्या आयोगापुढे जावं लागतं. त्यातला एक कायद्याचा जाणकार, बाकीचे वैद्यक, मानसशास्त्र, समाजकार्य अशा क्षेत्रांतले. व्यसन जडलेला माणूस उपचाराला तयार झाला तर प्रकरण स्थगित होऊ शकतं. आणि अशा माणसाला आर्थिक दंड करता येत नाही, हे कलम मला फार मोलाचं वाटतं. ज्याचा पैसा आधीच नशेत जातोय, तो दंड कुठून भरणार?

पण आयोग फक्त वाट दाखवतो. पुढे मेथाडोन (हेरॉइनऐवजी देखरेखीखाली दिलं जाणारं औषध), समुपदेशक, वापरलेल्या सुया घेऊन स्वच्छ सुया देणारी केंद्रं लागतात. सुया बदलून देणं तिथल्या औषध दुकानांतून 1993 पासूनच सुरू होतं. 2012 मध्ये व्यसनमुक्तीची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था मोडून उपचार प्रादेशिक आरोग्य यंत्रणांकडे दिले, तेव्हा घडी विस्कटली. नुसता कायदा उचलून पैसा मागे ठेवणाऱ्यांनी हे आधी बघावं.