योजना मोजायची कधी, पैसे संपल्यावर?

आमच्याकडं सध्या सोयाबीनचे पीक कापणी प्रयोग चालू आहेत, परवा एक जवळून बघितला. गट नंबर रँडम नंबरनं आधीच निघालेला, कृषी सहायकानं खुंट्या ठोकून दोरीनं चौकोन आखला, तेवढंच सोयाबीन कापलं, ताडपत्रीवर झोडपून काट्यावर ठेवलं. एकजण म्हणायला लागला की एवढ्या चिखलात कशाला जायलाव, रस्त्याकडंचं रान घ्या की, पण तिथंच तर सगळी गोम आहे! सोयीचं रान अख्ख्या महसूल मंडळाचं खरं सांगत नसतंय, अन् पीकविमा ठरवताना हे वजन धरतात. मागच्या 7 वर्षांतल्या चांगल्या 5 वर्षांच्या सरासरीचे ठरावीक टक्के धरून उंबरठा उत्पन्न काढतात, यंदाचा उतारा त्याच्या खाली गेला तर भरपाई.

ही शिस्त आपल्याच लोकांनी बसवलीय. पिकाचा अंदाज असा सॅम्पल घेऊन काढायची पद्धत आपल्या संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे अन् पानसे यांनी पक्की केली, तिकडं बंगालात महालनोबिस तागावर तेच करत होते, अन् 1950 ला राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. म्हणजे मोजायचं कसं हे देशाला कधीचंच माहितीय.

अडतं कुठं, तर मोजणी योजनेच्या शेवटी येते. दिल्लीत नीती आयोगात 2015 पासून डीएमईओ म्हणजे विकास देखरेख अन् मूल्यमापन कार्यालय आहे, केंद्राच्या योजनांचं मूल्यमापन हेच त्याचं काम, ते चांगलंच आहे, पण पैसे वाटून झाल्यावर विचारलं की फायदा झाला का तर आधी काय परिस्थिती होती हे कोण सांगणार? आपल्या राज्याच्या जलयुक्त शिवारचंच बघा, भूजल वाढण्यावर फारसा परिणाम दिसत नाही असं कॅगनं 2020 मध्ये लिहिलं, तोवर हजारो कोटी खर्च होऊन गेले होते. मराठवाड्यात पाण्यावरचा पैसा असा जाणं आम्हाला परवडत नाही, 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलंय.

मेक्सिकोनं 1997 ला उलटं केलं. मुलं शाळेत गेली, दवाखान्यात तपासणी झाली तर आईच्या हातात पैसे अशी योजना, काही गावांत आधी आणली, काहींत मुद्दाम नंतर, अन् दोन्हीकडं मोजत राहिले. 2000 ला सरकार बदललं तरी योजना टिकली, फरक आकड्यांत दिसत होता ना.

म्हणून केंद्राचं कुठलंही खातं नव्या योजनेला पैसे मागतंय तेव्हाच त्याच कागदावर लिहून घ्या की काय मोजणार, कोण मोजणार, कधी मोजणार. अन् पीक कापणीचे मंडळवार आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागू द्या, भरपाई ठरायच्या आधी.