आईला सरकारी कार्ड, आम्हाला खासगी पॉलिसी

आई बहात्तर वर्षांची, साखर जुनी. देवगडात आरोग्य विम्याचा एजंट घरी येऊन बसला तेव्हा तिच्या नावाचा हप्ता ऐकून बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. वर दर बिलातले २० टक्के आपले, आणि मधुमेहाशी जोडलेल्या आजारांना तीन वर्षं थांबायचं. पूर्वी ही मुदत चार वर्षांपर्यंत असायची, २०२४ मध्ये कमी झाली, हे त्याने अगदी खुशखबर दिल्यासारखं सांगितलं. या वयात तीन वर्षं थांबा म्हणणारा विमा घेऊन करायचं काय?

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, हप्ता शून्य, जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून धरलेली. वय आधारवरचं बघतात. कार्ड काढायच्या केंद्रावर अडलं ते बोटांच्या ठशांवर. जन्मभर भांडी घासून बोटांच्या रेषा गेलेल्या, मशीन काही घेईना. शेवटी चेहरा स्कॅन करून काम झालं. खासगीत स्वतंत्र खोली मिळाली असती, असं मी म्हटलं तर आई म्हणाली, "माका खोली नको, डॉक्टर बरो व्हयो."

आम्ही दोघं पन्नाशीच्या आतले. रेशनकार्डावर राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतोच, पण ती यादीतल्या उपचारांना, यादीतल्या रुग्णालयात. म्हणून दोघांत मिळून १० लाखांची खासगी पॉलिसी घेतली. खोलीभाड्यावर मर्यादा नको, एवढा एकच हट्ट धरला. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात, आणि ते डिस्चार्जच्या दिवशी कळतं. सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढाच दिलासा. "बीपीचं कशाला लिहिता?" असं एजंट म्हणाला. मी लिहिलं. हप्ता वाढला, वाढू दे. दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण कशाला द्या?

आईच्या कार्डासाठी कोल्हापूरच्या एका रुग्णालयात आधीच फोन केला. तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतनीसाने, सांगितलं, योजना आहे, पण हृदयासाठी. हाडांचा विभाग यादीत नाही. रुग्णालयाची नोंद विभागवार असते, हे आम्हाला कोणी बोललंच नव्हतं. हाडांसाठीचं रुग्णालय अजून शोधतोय.