परभणीच्या गच्चीवरची नोंद: घनमीटरभर हवेत पाणी किती?

निरपेक्ष आर्द्रतेचा, म्हणजे घनमीटरभर हवेत किती ग्रॅम बाष्प आहे याचा, आलेख अखेर चालू झाला. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, तापमान-आर्द्रता मोजणारा बीएमई २८० सेन्सर आणि हवामानाच्या नोंदी साठवणारं वीवेक्स हे सॉफ्टवेअर ही जुळणी गच्चीवर दिवाळीपासून आहे. पण मे महिन्यात सापेक्ष आर्द्रतेच्या आकड्यावरून मला काहीच कळेना. पहाटे ४० टक्के, दुपारी १५. एवढं पाणी जातं कुठं?

फारसं कुठं जात नाही. पहाटे २६ अंशांना घनमीटरमागे ९.७ ग्रॅम बाष्प होतं, दुपारी ४२ अंशांना ८.४ ग्रॅम. बदलला तो संपृक्त बाष्पदाब, म्हणजे त्या तापमानाला बाष्पाचा जास्तीत जास्त दाब: पहाटे ३३.५ हेक्टोपास्कल, दुपारी ८२. टक्केवारी त्याच्याशी तुलना करून निघते, म्हणून ती एवढी घसरते.

सूत्र मॅग्नसचं वापरलंय. तापमान (सेल्सिअस) गुणिले १७.६२, भागिले (तापमान अधिक २४३.१२), येईल तो ‘ई’चा घातांक, आणि त्याला ६.११२ ने गुणलं की संपृक्त बाष्पदाब. त्याला सापेक्ष आर्द्रतेनं गुणून शंभरानं भागा, की प्रत्यक्ष बाष्पदाब मिळतो. तो गुणिले २१६.७, भागिले केल्विनमधलं तापमान, की उत्तर ग्रॅममध्ये. हवेचा दाब यात लागत नाही.

पहिल्या दिवशी आलेखावर ११६ ग्रॅम दिसले. वीवेक्स मूळ मांडणीत नोंदी अमेरिकी एककांत साठवतं आणि मी १०७.६ फॅरनहाइट थेट सूत्रात घातलं होतं. आता आधी एककं बदलून घेतो, मगच गणित.

दुसरी चूक मात्र चार दिवस लक्षात आली नाही, म्हणून सविस्तर सांगतो. सरासरी तापमान आणि सरासरी आर्द्रता घेऊन मी सरासरी निरपेक्ष आर्द्रता काढत होतो. वरच्याच दोन नोंदी घ्या: सरासरी ३४ अंश, २७.५ टक्के. उत्तर येतं १०.३ ग्रॅम. पहाटे ९.७, दुपारी ८.४, मग सरासरी दोन्हींपेक्षा जास्त कशी? तापमान चढतं तेव्हाच टक्केवारी उतरते, आणि दोन्हींची वेगवेगळी सरासरी घेतली की हा संबंध हरवतो. त्यामुळे आता दर पाच मिनिटांच्या नोंदीचं उत्तर वेगळं काढून साठवतो आणि सरासरी त्या उत्तरांची घेतो. या दोन नोंदींची खरी सरासरी ९.१.

या आकड्याचा मला सगळ्यात आवडलेला उपयोग वेगळाच आहे. एक सेन्सर कडुनिंबाच्या सावलीत आहे, दुसरा पत्र्याजवळ उन्हानं तापतो. दुपारी सावलीतला ४२ अंश आणि १५ टक्के दाखवत होता, पत्र्याजवळचा ४६ अंश आणि १२.२ टक्के. दोघांचं उत्तर ८.४ ग्रॅमच. म्हणजे दुसऱ्याचा आर्द्रतामापक बिघडलेला नाही, फक्त त्याला ऊन लागतंय. ग्रॅम जुळले नसते तर मात्र सेन्सर काढून तपासला असता.

मेच्या शेवटी एका दुपारी वडील ओट्यावर बसून म्हणाले, “आज घाम वाळंनाच.” तापमान ४० होतं, म्हणजे आधीपेक्षा कमीच. आर्द्रता २८ टक्के, ऐकायला कोरडीच. पण आलेख १४.३ ग्रॅमवर गेला होता. मृगाआधीची ही चढण मला टक्केवारीत कधी दिसली नसती.

आता अडचण अचूकतेची. या सेन्सरची चूक ३ टक्के अंकांपर्यंत असू शकते. १५ टक्क्यांवर तेवढ्यानं उत्तर १.७ ग्रॅमनं हलतं, म्हणून कोरड्या दिवसांतल्या दशांशांवर मी फार भरवसा ठेवत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात मिठाचा ओला लगदा ठेवून तपासणी केली. अशा लगद्यावरची बंद हवा ठरावीक आर्द्रतेवर स्थिरावते: ७५ टक्के यायला हवे होते, ७२ आले. पण उन्हाळ्यातला सेन्सर खालच्या टोकाला चालतो, तिथं मिठाचा डबा कामाचा नाही. मॅग्नेशियम क्लोराइड या दुसऱ्या क्षाराच्या लगद्यावर सुमारे ३३ टक्के यायला हवेत. तो डबा काल रात्री बंद केलाय, चोवीस तास उघडणार नाही.