खोलीचा प्रश्न

मुंबईत खोली मिळणं कठीण. घरी सर्व्हर रॅक (कॉम्प्युटर-नेटवर्कचं सामान बसवायची लोखंडी चौकट) बसवणाऱ्याला हे दोन्ही अर्थांनी पटतं.

रॅक घ्यायला निघालेला माणूस उंचीचा विचार करतो. ६ यू घेऊ की ९ यू? एक यू म्हणजे पावणेदोन इंच, म्हणजे ६ यूमध्ये साडेदहा इंचांचं सामान बसतं. रुंदी १९ इंच, ती जगभर तीच. गाडं अडतं ते खोलीवर. स्विच (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारा डबा) आणि पॅच पॅनल (वायरींची टोकं बसवायची पट्टी) दहा-बारा इंचांत भागतात. पण लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून स्वस्तात उचललेला ऑफिसातला जुना सर्व्हर अठ्ठावीस-तीस इंच निघतो आणि भिंतीवरच्या वीस-बावीस इंची रॅकमधून शेपटासारखा बाहेर राहतो. त्याचे ४० मिलिमीटरचे पंखे सुरू झाले की घरात अखंड मिक्सर लावल्यासारखं वाटतं. घरी मिनी पीसीच बरा. १०० वॉटचं यंत्र रात्रंदिवस चाललं तर महिन्याला ७२ युनिटं खातं, १५ वॉटचं जेमतेम ११.

मग जागा. पहिला मान पोटमाळ्याला जातो, कारण तिथे पाहुण्यांची नजर जात नाही. पण घरातली गरम हवाही तिथेच जाऊन बसते, आणि यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य तापमान दर १० अंश वाढलं की साधारण निम्मं होतं. चपलांच्या कपाटात धूळ. त्यापेक्षा पॅसेजची भिंत चांगली; हात पोचेल अशा उंचीवर, बाजूंना चार बोटं मोकळी ठेवून. भोक पाडण्याआधी भिंत कसली आहे ते मात्र विचारा. विटेत साधा प्लग चालतो, सिपोरेक्समध्ये (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकमध्ये) तो भरलेल्या रॅकच्या वजनाने सैल होऊन बाहेर येतो. त्या ब्लॉकसाठी वेगळे प्लग मिळतात. यूपीएस जड, तो रॅकमध्ये नको, खालीच असू द्या. तळमजल्यावर राहत असाल तर २६ जुलै २००५ आठवा (सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस) आणि त्याला स्टुलावर बसवा.

समुद्राकाठी खारी हवा स्क्रूंवर पहिला हात मारते. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि केज नट (रॅकच्या चौकोनी भोकांत बसणारे नट) घेतले की पुढे शिव्या कमी द्याव्या लागतात. केज नट बोटांनी बसवू नये. नखाखालची चामडी जाते. त्याचं पट्टीसारखं हत्यार असतं, ते मागून घ्यावं.

खरी फसगत वायरीत. कॅट-६ (नेटवर्कची वायर) म्हणून मिळणाऱ्या स्वस्त बंडलात पुष्कळदा तांब्याचा नुसता मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असतं. ब्लेडने तार खरवडली की पांढरं दिसतं. त्यावर पीओई कॅमेरा (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज घेणारा) दिवसभर गुण्यागोविंदाने चालतो आणि अंधार पडला की सारखा बंद-चालू होतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागून वीज जास्त ओढली जाते, आणि लांब पल्ल्याला ॲल्युमिनियममध्ये व्होल्टेज पडतं.

वायरीच्या टोकाला कनेक्टर क्रिम्प करताना (दाबून बसवताना) रंगांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीत निळी जोडी कशाला घुसवायची, असं वाटून कुणी जोडीला जोडी सरळ लावत जातो. दोन्ही टोकांना तीच चूक असल्यामुळे टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात आणि काम फत्ते वाटतं. पण तिसरी आणि सहावी तार एकाच पिळाची हवी. नाहीतर एका जोडीचा सिग्नल दुसरीत सांडतो आणि गिगाबिटची (१००० मेगाबिटची) लाइन १०० मेगाबिटवर उतरते किंवा अडखळत राहते. पीळही अर्ध्या इंचापेक्षा जास्त उसवू नये. चूक सापडली तर टोक कापून पुन्हा क्रिम्प करण्याशिवाय इलाज नाही. म्हणून जाणता वायरमन रॅकमागे हातभर वायर गुंडाळून ठेवतो.