ब्रेसचे तास

तीन वर्षांपूर्वीची नरकचतुर्दशी. लेक तेव्हा सहावीत होती. पहाटे पाटावर बसवून तिच्या पाठीला उटणं लावत होते आणि उजव्या बाजूचं खांद्यामागचं हाड डाव्यापेक्षा वर आलेलं हाताला लागलं. वर्षभर डोळ्यांना जे दिसलं नव्हतं ते हाताला कळलं. मी दोनदा हात फिरवला, मग तिला म्हटलं जरा खाली वाक बघू, तर वाकल्यावर पाठीची उजवी बाजू चक्क उंचवट्यासारखी वर आली. नंतर डॉक्टरांनीही पहिल्यांदा हेच करून बघितलं, पाय जुळवून उभं राहायचं, दोन्ही तळवे जोडून हात खाली सोडत कमरेतून वाकायचं आणि मागून पाठ दोन्हीकडे सारखी आहे का ते बघायचं. दहा ते पंधरा वर्षांचं मूल घरात असेल तर दोन मिनिटं काढून हे करून बघाच, त्याला काही खर्च नाही आणि दुखतही नाही. हा कणा वाकण्याचा आजार, स्कोलिओसिस, बहुतेक वेळा दुखत नाही म्हणूनच लक्षात येत नाही.

एक्सरे काढला, 24 अंश. स्कोलिओसिस म्हणजे कणा बाजूला वाकणं आणि सोबत थोडा पिळणं, आणि तो किती वाकलाय ते एक्सरेवर रेघा मारून अंशात मोजतात, त्याला कॉब अँगल म्हणतात. 10 च्या पुढे गेला की स्कोलिओसिस. डॉक्टर म्हणाले चार महिन्यांनी परत बघू, तिची वाढ बाकी आहे, तोवर लक्ष ठेवा. आम्ही घरी आलो आणि प्रत्येकाने कारण शोधायला सुरुवात केली. दप्तराचं ओझं, वाकून मोबाईल बघणं, लहानपणी पाळण्यातून पडली होती ते. सासूबाईंनी तर सरळ दृष्ट काढली. मला रात्र रात्र वाटायचं की मीच कुठेतरी कमी पडले. खरं म्हणजे या वयातल्या बहुतेक मुलांमध्ये याचं नेमकं कारण सापडतच नाही, दप्तराने होत नाही आणि बसण्याच्या सवयीनेही होत नाही, हे डॉक्टरांनी मला तीन वेळा सांगितलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. त्या चार महिन्यांत एका ठिकाणी मालिशही करून घेतलं, दहा सिटिंगमध्ये कणा सरळ होईल असं सांगणारे होते ते. मार्चमध्ये परत एक्सरे काढला तर 31 अंश.

मग मुंबईच्या स्पाइनच्या डॉक्टरांकडे. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडून गेलो. त्यांनी कंबरेच्या हाडावरून वाढ किती उरलीय ते बघितलं, त्याला रिसर म्हणतात, ते शून्य होतं आणि पाळीही अजून आली नव्हती. म्हणजे उंचीची मोठी उडी अजून पुढेच होती, आणि कणा सगळ्यात जास्त वाकतो तो त्याच काळात. 25 ते 40 च्या मधला अँगल आणि वाढ बाकी, अशा मुलांना ब्रेस देतात, म्हणजे छातीपासून कमरेपर्यंत आवळून घालायचा कडक प्लास्टिकचा साचा, 50 च्या आसपास गेला की ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं. डॉक्टरांनी लेकीकडे बघूनच सांगितलं की ब्रेसने तुझा कणा सरळ होईल असं मी म्हणणार नाही, तो पुढे वाकू नये म्हणून ब्रेस आहे, रोज 18 तास घालायचा, वाढ थांबेपर्यंत. मी नवऱ्याकडे बघितलं, तो खिडकीबाहेर बघत होता. लेकीने फक्त एकच विचारलं, खो-खो खेळता येईल का? डॉक्टर म्हणाले खेळायलाच हवं, ब्रेस काढून खेळ.

माप द्यायचा दिवस मला अजून आठवतो. पातळ, अंगाला चिकटणारी बंडी घालून उभं करतात आणि छातीपासून कमरेच्या खालीपर्यंत ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतात, थोडं गरम लागतं, मग वाळलं की कापून काढतात. दुखत नाही. पण बारा वर्षांच्या मुलीला दोन अनोळखी पुरुषांसमोर तसं उभं राहायचं आणि दार अर्धं उघडं, बाहेर माणसं येतायत जातायत, हे तिला फार लागलं. मी तेव्हा काही बोलले नाही याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्ही जाल तेव्हा आधीच फोन करून विचारा की बाई असतील का, दार बंद राहील का, आणि हातात एक ओढणी ठेवा. दुसऱ्या ब्रेसच्या वेळी आम्ही हे सगळं विचारलं आणि ती हसत बाहेर आली.

ब्रेस आला, कडक प्लास्टिकचा, मागे तीन पट्टे, 25,000 च्या आसपास खर्च. पहिल्या दिवशी दोन तास, मग चार, असं करत दोन आठवड्यांत पूर्ण तासांवर जायचं असतं, एकदम 18 तास घालायला लावू नका. काढल्यावर त्वचा लाल दिसते, अर्ध्या तासात लाली गेली तर ठीक, गेली नाही किंवा फोड आला तर ब्रेसवाल्याकडे जायचं. आमच्या लेकीला डाव्या कंबरेच्या हाडावर टोचत होतं, त्यांनी तिथलं प्लास्टिक गरम करून थोडं बाहेर वळवलं, दहा मिनिटांचं काम. ती आठवडाभर सहन करत बसली होती कारण तिला वाटलं टोचणं म्हणजेच उपचार. दाब जाणवणारच, पण हाडावर टोचणं आणि कातडी सोलणं हे चुकीचं, एवढा फरक मुलांना पहिल्या दिवशीच सांगा.

आत काय घालायचं हा मोठा प्रश्न. बाजारातल्या बनियनची शिवण ब्रेसखाली दाबून वळ उठायचे. सासूबाईंनी, ज्या महिनाभर लेकीच्या लग्नाचं कसं होणार म्हणून मला बोलत होत्या, एक दिवस ट्रंकेतून त्यांचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं काढलं आणि त्याच्या बंड्या शिवायला घेतल्या, लांब, कमरेच्या खालीपर्यंत येणाऱ्या, आणि शिवण बाहेरच्या बाजूला. अशा सहा बंड्या. एप्रिल-मेच्या उकाड्यात दिवसातून तीन बदलायच्या. पावडर, तेल, क्रीम ब्रेसखाली काही लावायचं नाही, त्याने कातडी मऊ पडून जास्त सोलते. रोज अंघोळ, नीट कोरडं करायचं, बंडीला एकही सुरकुती राहू द्यायची नाही, पाठीमागून खाली ओढून मग पट्टे आवळायचे. त्या बंड्यांनंतर सासूबाई लग्नाचं पुन्हा बोलल्या नाहीत.

जेवणाचे हाल झाले. पोट दाबलेलं असल्यामुळे दोन पोळ्यांत भरायचं आणि जेवल्यावर मळमळायचं. मग थोडं थोडं पाच वेळा द्यायला लागलो, आणि डॉक्टरांना विचारून रात्रीचं मोठं जेवण ब्रेस काढलेल्या वेळात बसवलं. मांडी घालून बसणं बंद, पेन खाली पडलं तर वाकण्याऐवजी गुडघ्यात वाकून खाली बसायचं, लिहिताना मान फार वाकवता येत नाही म्हणून बाकावर तिरपी फळी. युनिफॉर्मचा कुर्ता एक साइज मोठा. झोपेला मात्र दहा-बारा दिवस फार त्रास झाला, कुशीवर होऊन गुडघ्यांमध्ये उशी ठेवल्यावर जमलं.

शाळेत मी वर्गशिक्षिकांना भेटले. त्या खूप चांगल्या मनाने म्हणाल्या की मी सगळ्या वर्गाला समजावून सांगते, आणि मीही हो म्हणून आले. लेकीला कळल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला फक्त तिच्या तीन मैत्रिणींना सांगायचं होतं, तेही स्वतः. घरी पाहुणे आले की कोणी म्हणायचं वा, चिलखत घातलंय मावळ्यासारखं, आणि ती हसून आत जायची आणि आत जाऊन पट्टे सोडायची. ती त्याला डबा म्हणते. शूरवीर वगैरे तिला नको होतं, कोणी काहीच बोलू नये एवढंच हवं होतं. युसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं तर म्हणाली, त्याने डबा घातलेला का? मला माहीत नव्हतं, मग मी गप्प बसले.

आता तासांचं सांगते, खरं तर हे सांगायलाच लिहायला बसले. आम्ही कालनिर्णयच्या चौकोनात रोजचे तास लिहायचो. ती लिहायची, मी बघायचे. 18, 19, 18, 20. मी सगळ्या नातेवाइकांना सांगत होते की आमची पोरगी किती गुणी. सहा महिन्यांनी तपासणीला गेलो तर ब्रेसवाल्या काकांनी ब्रेस उलटसुलट करून बघितला, पट्टे बघितले, आणि काही बोलले नाहीत. डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी आत बोलावलं तर लेक रडत होती. शाळेच्या बाथरूममध्ये पट्टे सैल करायची, दुपारी मी ऑफिसमध्ये असताना काढून ठेवायची आणि माझ्या स्कूटरचा आवाज आला की घालायची. खरे तास दहा-अकरा असतील.

माझा पहिला विचार रागाचाच होता. एवढे पैसे, एवढ्या चकरा. पण डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही तिला रोज काय विचारता? मी म्हटलं, किती तास झाले. म्हणाले, आणि कमी झाले तर? मी उत्तर दिलं नाही, कारण कमी झाले तर मी ओरडायचे, मोबाईल काढून घ्यायचे, एकदा तर ऑपरेशनची भीती घातली होती. मग तिने 18 च लिहायचं नाही तर काय करायचं?

त्यांनी आम्हाला अमेरिका-कॅनडातल्या एका अभ्यासाचं सांगितलं, 2013 साली आलेला, या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा. ब्रेस घातलेल्या 72 टक्के मुलांचा अँगल वाढ संपेपर्यंत 50 च्या खाली राहिला, नुसत्या देखरेखीखालच्या मुलांमध्ये 48 टक्के. आणि ज्यांनी दिवसाला सरासरी 12.9 तासांपेक्षा जास्त घातला त्यांच्यात 90 टक्क्यांच्या वर. त्यांनाही 18 तासच सांगितले होते. पण मला सगळ्यात जास्त पटलं ते हे की तास मोजायला त्यांनी ब्रेसमध्ये तापमान टिपणारा छोटा सेन्सर बसवला होता, अंगावर असेल तर गरम, काढला की गार. म्हणजे मुलांच्या सांगण्यावर अवलंबून राहायचं नाही हे संशोधकांनाही माहीत होतं. माझी पोरगी जगावेगळी खोटारडी नव्हती, तिला फक्त खूप जड झालं होतं.

येताना गाडीत दादरपासून इगतपुरीपर्यंत कोणीच बोललं नाही. इगतपुरीला वडापाव घेतला आणि मी म्हटलं, आजपासून आकडा खरा लिहायचा, तो कितीही असो, मी एक शब्द बोलणार नाही, आणि काढायचे तास कुठले ते तू ठरव. तिने पाठ केल्यासारखं लगेच सांगितलं, संध्याकाळी पाच ते साडेसहा खो-खो, अंघोळ, रात्रीचं जेवण, आणि शाळेत पीटीचा तास. तिने हे आधीच ठरवून ठेवलं होतं, आम्ही विचारलंच नव्हतं. पहिला खरा आठवडा 12, 9, 14, 13, 16, 11, 14. चुलत बहिणीच्या हळदीच्या दिवशी चौकोनात 4 लिहिलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी पोळ्या लाटत होते, लाटत राहिले. जीभ चावून गप्प बसणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं मला. हळूहळू सरासरी 16 वर आली आणि नंतर 15 च्या खाली फारशी गेलीच नाही. पट्ट्यांवर किती आवळायचं त्याची मार्करने खूण केली, ती खूण रोज नवरा बघायचा, मी नाही, एवढं आम्ही वाटून घेतलं.

दीड वर्षाच्या एक्सरेत 34 आले आणि मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये रडले. डॉक्टरांनी सांगितलं की मोजण्यातच पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो, 31 चे 34, म्हणजे तीन अंशांवरून कणा जास्त वाकला असं धरायचं नाही. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून मुद्दाम लिहितेय. त्या दीड वर्षात तिची उंची 9 सेंटीमीटर वाढली होती आणि दुसरा ब्रेस करावा लागला होता. व्यायामही चालू होते, स्कोलिओसिससाठी वेगळे शिकवतात ते, श्रॉथ पद्धतीचे, ते ब्रेससोबत करायचे, ब्रेसऐवजी नाही.

या दिवाळीत रिसर 4 झालं, म्हणजे वाढ संपत आली, अँगल 32. आता फक्त रात्री घालायचा आणि पुढच्या तपासणीत तोही सुटेल बहुतेक. पाठ सरळ झाली का विचाराल तर नाही, वाकल्यावर उंचवटा अजून दिसतो, ती आता नववीत आहे आणि तिला तो माहीत आहे.

परवा मालेगावहून एका बाईंचा फोन आला, ओळखीतून नंबर मिळाला होता त्यांना. मुलगी अकरा वर्षांची, 29 अंश, ब्रेसचं माप परवाच दिलेलं. मी बोलायला सुरुवात केली तर लेकीने फोन मागून घेतला, म्हणाली, काकू, तिला द्या ना. मग ती आणि ती मुलगी अर्धा तास बोलत होत्या, दार लावून. मला एवढंच ऐकू आलं, की शिवण बाहेरून हवी, नाहीतर वळ उठतात. फोन ठेवून ती थेट आजीकडे गेली. सासूबाईंनी चष्मा पुसला, ट्रंक उघडली आणि विचारलं, छातीचं माप काय म्हणाली पोरगी?