पोमोनाच्या बाजारात दोन कार्बचं मॅनिफोल्ड घ्यायला जाताय? आधी हे वाचा

फोनवर ठरलेल्या भावाला पोमोनाच्या मैदानात, लॉस एंजेलिसजवळच्या जुन्या गाड्या नि सुट्या भागांच्या बाजारात, काडीची किंमत नसते. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सविस्तर लिहितोय. जुन्या ड्रॅग रेसिंगच्या (सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीच्या) इंजिनासाठी दोन कार्ब्युरेटरांचं इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणारा ओतीव भाग, शोधायला कॅलिफोर्नियात उतरणार असाल तर तुमचा एक रविवार आणि बरेच डॉलर वाचतील. इंजिन उघडता-जोडता येतं, फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) हाताळता येतं आणि पहाटेच्या अंधारात काही तास काँक्रीटवर चालायची तयारी आहे, एवढं गृहीत धरतो.

इंजिन दादाचं. 1955 ची दोन दारांची शेवरले, तिच्यात 283 घनइंची स्मॉल ब्लॉक, म्हणजे शेवरलेचं लहान व्ही-8 इंजिन. बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून 4 इंच केलेला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) मूळचा 3 इंच, म्हणजे 301 घनइंच. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या गॅसर गाड्यांत (पेट्रोलवर पळणाऱ्या ड्रॅगच्या गाड्यांत) हे इंजिन सर्रास असायचं आणि पुढे शेवरलेनं हाच बोअर-स्ट्रोक कॅमारो झेड/28 च्या 302 मध्ये वापरला. गिअरबॉक्स चार स्पीडचा, मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो 4.56, गिअर बदलतो सात हजार आरपीएमला. हे आकडे आधी सांगतोय कारण मॅनिफोल्ड यांच्यावरून निवडायचं असतं. आम्हाला भेटलेला जवळजवळ प्रत्येक माणूस मात्र एकच सांगत होता: टनेल रॅम (उंच रनरांचं मॅनिफोल्ड) घ्या, वर मिनिटाला 660 घनफूट हवेचे दोन सेंटर-स्क्वर्टर होली कार्ब बसवा, विषय संपला.

विषय तिथे संपत नाही. घनइंच गुणिले आरपीएम, भागिले 3456, असा साधा हिशोब आहे. 301 गुणिले 7000 केलं तर इंजिनाला मिनिटाला सुमारे 610 घनफूट हवा लागते, तीही सिलिंडर शंभर टक्के भरतात असं धरून. दोन 660 म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त. त्या होलीमध्ये मागची बटरफ्लाय (हवा अडवणारी चकती) थेट लिव्हरनं उघडते, इंजिनानं हवा मागितली असो वा नसो. हिरवा दिवा लागला, क्लच सोडला की हवेचा वेग पडतो, पेट्रोल ओढलं जात नाही आणि गाडी धाप लागून बसते. कार्टर एएफबी जातीच्या कार्बमध्ये मागच्या बॅरलवर (हवेच्या नळीवर) वजन लावलेली झडप असते आणि ती हवेच्या ओढीनं उघडते. म्हणून 500 चे दोन एएफबी मिळून कागदावर 1000 झाले तरी या इंजिनाला बाधत नाहीत. हा फरक समजावून सांगणारा एकही विक्रेता आम्हाला भेटला नाही.

टनेल रॅमला मी नावं ठेवत नाही. त्याचे उंच, सरळ रनर (मिश्रणाच्या वाटा) वरच्या आरपीएमला सिलिंडर जे भरतात त्याला तोड नाही. पण खाली, चार हजाराच्या आत, त्यांच्यात मिश्रण जड होऊन पेट्रोल भिंतींना चिकटतं. हलकी गाडी, पाच हजारावरून लाँच (शर्यतीची सुरुवात) आणि मागे 4.88 किंवा त्याहून खोल रेशो असेल तर खुशाल घ्या. जड लोखंडी शेवरलेला घेऊ नका. शिवाय टनेल रॅम ही साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली आणि त्यानंतरची गोष्ट, प्रो स्टॉक या ड्रॅगच्या वर्गाच्या जमान्यातली. दादाची गाडी दिसायला आणि वागायला 1962 ची हवी. म्हणून शोध ठरला तो बुटक्या, एका रांगेत दोन चार-बॅरल कार्ब बसवणाऱ्या ड्युअल-क्वॉडचा.

फ्रीमाँटहून शनिवारी निघालो. पाचेको पास, मग पाच नंबरचा हायवे, कोलिंगाजवळ गुरांच्या गोठ्यांचा तो वास, सगळं नेहमीसारखं. ग्रेपव्हाइनच्या घाटात ट्रेलर असेल तर चढण लागण्याआधीच एसी बंद करा आणि उजवीकडची लेन सोडू नका. मुक्कामाला मोटेल फेअरप्लेक्सच्या, म्हणजे बाजार भरतो त्या मैदानाच्या, अगदी जवळचं घेऊ नका. बाजाराच्या शनिवारी आम्हाला तिथं जो दर सांगितला तो ऐकून दादानं सरळ गाडी वळवली. वीस मिनिटं मागे राहिलात तरी बिघडत नाही.

बाजार अंधारातच सुरू होतो आणि खरे व्यवहार उजाडायच्या आत होतात. डोक्याला लावायचा दिवा हवाच. मैदान प्रचंड आहे. पार्किंगचे पैसे वेगळे, प्रवेशाचे वेगळे, आणि कार्ड काढलंत तर समोरचा मान फिरवतो. सुट्ट्या नोटा न्या.

आता मूळ दुखणं. एका विक्रेत्याशी दादाचं फोनवर नीट बोलणं झालं होतं. शेवरलेच्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारवर 1956 ते 1961 या काळात यायचं ते मूळ ड्युअल-क्वॉड, सरळ, वेल्डिंग नाही, लिंकेजसकट (दोन्ही कार्ब उघडणाऱ्या दांड्यांसकट), आणि भाव ठरलेला. आम्ही त्याच्या टेबलापाशी पोचलो तेव्हा भाव दीडपट झाला होता आणि लिंकेज वेगळं विकायला मांडलं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, सकाळपासून तिघांनी विचारलंय. लिंकेजचं बोलणं झालंच नव्हतं असंही वर ऐकवलं. दादानं फोनवरचा मेसेज त्याच्यापुढे धरला. त्यानं तो वाचलासुद्धा नाही.

तरीही दादानं ते मॅनिफोल्ड हातात घेतलं, आणि इथून पुढचं प्रत्येक पाऊल लक्षात ठेवा. दादा कोल्हापूरचा, शिरोलीच्या फाउंड्रीत ओतकामावर कित्येक वर्षं काढलेला. त्यानं आधी ते एका बोटावर टांगलं आणि पान्याच्या दांड्यानं हलकेच वाजवलं. धड ओतीव खणखणीत वाजतं. हे थर्मोस्टॅटच्या बाजूला बद्द वाजलं. चंदेरी रंगाखाली नखानं खरवडलं तर धातूची छटा दोन प्रकारची: पाण्याची वाट गंजून खाल्ली गेली होती आणि वर वेल्डिंग भरून रंग फासला होता. मग पट्टी काढली. हेडवर बसणाऱ्या तोंडावर पट्टी आडवी धरून फीलर गेज सरकवलं, तर पुढच्या टोकाला 0.010 इंचाचं पातं सहज आत गेलं. दुसऱ्या बाजूचं तोंड सपाट होतं, पण त्यावर मिलिंगच्या ताज्या रेघा होत्या.

म्हणजे कुणीतरी एकाच बाजूला फेस मारला होता, तोंड कापून सपाट केलं होतं. हेडचा फेस मारला की मॅनिफोल्डलाही कापावं लागतं. स्मॉल ब्लॉकला हेडवरून जितकं काढाल त्याच्या 1.23 पट मॅनिफोल्डच्या तोंडावरून आणि 1.71 पट खालून, आणि तेही दोन्ही बाजूंना सारखं. एकच बाजू कापलेलं मॅनिफोल्ड सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या V मध्ये तिरकं बसतं, एका रांगेचे पोर्ट खाली उतरतात, बोल्टची भोकं जुळत नाहीत आणि खालच्या कडेनं लिफ्टर व्हॅलीतलं (मॅनिफोल्डखालच्या खोबणीतलं) तेल आत ओढलं जातं. मग प्लग ओले होतात आणि तुम्ही महिनाभर रिंगा तपासत बसता. यावर विक्रेत्याचा उपाय काय, तर जाड पॅकिंग लावा. ज्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघेल त्याच्याकडून साधा नट-बोल्टही घेऊ नका. आमची पहाट, आमचं पेट्रोल आणि दादाची कित्येक आठवड्यांची आशा त्यानं वाया घालवली, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. घरी आल्यावरही मला त्या टेबलाचा राग येतोय.

आणखी एक. मूळ कॉर्व्हेटच्या ओतीवाला जो जास्तीचा भाव मिळतो तो गाडी जशीच्या तशी पुन्हा उभी करणाऱ्यांसाठी आहे. शर्यतीच्या गाडीला तो द्यायचं कारण नाही. एडेलब्रॉक किंवा ऑफेनहाउझरचं त्या काळातलं ड्युअल-क्वॉड तेच काम करतं. क्रॉस-रॅमच्या (आडव्या, एकमेकांना छेदणाऱ्या रनरांच्या मॅनिफोल्डच्या) वाटेला तर जाऊच नका. ती 1969 च्या कॅमारोसारख्या ट्रान्स-अ‍ॅम या वळणांच्या ट्रॅकवरच्या शर्यतींच्या गाड्यांची गोष्ट, भाव आभाळाला भिडलेले, आणि नकली माल खऱ्याच्या नावानं खपतो.

मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं लोक उन्हं वर आल्यावरच पोचतात, तिथं एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे जुनं एडेलब्रॉक मिळालं. निम्म्याहून कमी किमतीत! स्वस्त का, तर कार्बच्या एका स्टडचे आटे गेलेले. पाच-सोळांश इंची आटे आहेत, हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घातलं की झालं. कान शाबूत, पाण्याच्या वाटा स्वच्छ, दोन्ही तोंडं सपाट. दादानं आपल्या हेडचं पॅकिंग सोबत आणलं होतं, ते तोंडावर ठेवून पोर्टांची रेघ मारून पाहिली. तुम्हीही आणा, यापेक्षा चांगलं माप नाही. मधल्या बोल्टांचा कोनही बघा, कारण 1987 पासूनच्या बऱ्याच हेडना तो बदलला आणि जुनं मॅनिफोल्ड तिथं तसंच बसत नाही. ब्लॉक 1967 किंवा त्याआधीचा असेल तर पुढे तेल ओतायच्या नळीचं भोक आहे का हेही पाहा. नसेल तर व्हॉल्व्ह कव्हरमधून सोय करावी लागेल.

बाजार दुपारी आटोपतो. एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या अमेरिकी संघटनेचं म्युझियम त्याच आवारात आहे, आणि 1953 च्या एप्रिलमध्ये या संघटनेची पहिली शर्यत याच मैदानाच्या पार्किंगमध्ये झाली होती. म्युझियम छान आहे, जरूर बघा.

परतताना बेकर्सफील्डच्या एका मशीन शॉपमध्ये मॅनिफोल्ड दिलं. शॉपवाल्याला दोन गोष्टी लिहून द्या. काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग नको, कारण प्लेनमच्या (कार्बखालच्या पोकळीच्या) कोपऱ्यात अडकलेले मणी पुढे बेअरिंग खातात. आणि लोखंडासाठीच्या कॉस्टिकच्या टाकीत अ‍ॅल्युमिनियम बुडवू नका, ते विरघळतं. हे दोन्ही त्यांना माहीत असतं, तरी लिहून द्या. बेकर्सफील्डच्या उत्तरेला 99 नंबरच्या हायवेवर हिवाळ्यात टूली नावाचं दाट धुकं उतरतं. पुढच्या ट्रकचे दिवेही दिसेनात तेव्हा आम्ही पहिल्याच एक्झिटला उतरून सूर्य वर येईपर्यंत थांबलो. तुम्हीही थांबा, घाई कसलीही असो. याच रस्त्याजवळ फामोसोची ड्रॅग रेसिंगची धावपट्टी आहे, 1959 पासून मार्च मीट ही शर्यत भरते ती.

बसवतानाचं थोडक्यात. पुढच्या-मागच्या कडांना कॉर्कच्या पट्ट्या नकोत, सिलिकॉनची जाड रेघ ओढा. बोल्ट मधून बाहेर आवळत जा, 30 फूट-पाउंडांपर्यंत, आणि इंजिन एकदा गरम होऊन गार झालं की पुन्हा. मोठ्या टोपीचा एचईआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा) डिस्ट्रिब्युटर मागच्या कार्बला टेकतो, लहान टोपीचा घ्या. एएफबीला पेट्रोलचा साडेपाच पीएसआयपेक्षा जास्त दाब सोसत नाही, सुया उचलल्या जातात आणि कार्ब वाहतो, रेग्युलेटर लावाच. बुटक्या ड्युअल-क्वॉडला मागचा कार्ब आधी आणि पुढचा नंतर उघडणारं लिंकेज चालतं, आणि लाँचला तेच बरं. टनेल रॅमला ते चालत नाही, तिथं दोन्ही कार्ब एकदमच उघडले पाहिजेत, नाहीतर पुढची आणि मागची सिलिंडरं सारखी भरत नाहीत.

आयडलिंगला दोन्ही कार्बमधून हवा जाते, म्हणून बटरफ्लाय जवळजवळ बंद ठेवाव्या लागतात. त्या इतक्याही बंद करू नका की ट्रान्सफर स्लॉट (बटरफ्लायजवळची पेट्रोलची बारीक खाच) पूर्ण झाकला जाईल, नाहीतर पेडल हलकेच दाबताच गाडी अडखळते. दोन्ही कार्बचे मिश्रणाचे स्क्रू सारखेच फिरवा आणि व्हॅक्यूम गेज बघत बघत जा. आमचं इंजिन पहिल्याच संध्याकाळी नवशे आरपीएमला गुळगुळीत बसलं आणि साडेतीन हजारापासून असं खेचतंय की दादा हसू आवरत नाही.

प्रत्येक कार्बला बटरफ्लाय परत बंद करणारी स्वतःची रिटर्न स्प्रिंग लावा. एकीवर भागवू नका.