लोणी कढवल्याचा वास

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमची छोटी ब्रुअरी आहे, तिथली लॅब मी सांभाळते. हिवाळ्यापुरती आम्ही एकच बियर काढतो: तांबूस, भाजक्या माल्टची, हॉप्सची कडवट-सुवासिक फुलं सढळ हाताने घातलेली. कॅस्केड, सेंटेनियल आणि चिनूक. तिन्ही वाण अमेरिकेतले, तिकडची तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते. नव्या मालाचं पाकीट फोडलं की संत्र्याच्या सालीचा आणि राळेचा वास खोलीभर होतो. या वासासाठी मी वर्षभर थांबते.

त्या सकाळी अजिंक्यतारा धुक्यात बुडाला होता. दुसऱ्या दिवशी पॅकिंग, पुण्याची गाडी ठरलेली. टाकीतून नमुना काढला. फार गार बियरचा वास मिटलेला असतो, म्हणून ग्लास तळव्यात धरून ऊब दिली. आधी संत्रं, मग राळ, आणि त्यामागे काहीतरी स्निग्ध. परत हुंगलं तर काही नाही. दोन-तीनदा हुंगलं की नाक सरावतं आणि आपलाच आपल्यावर भरवसा राहत नाही.

ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत बियरची घनता, बघितली; साखर आंबत जाते तशी ती उतरते. हॉप्स टाकण्याआधी तीन दिवस १.०१४ वर हललेली नव्हती, आता १.०११. म्हणजे टाकीत यीस्ट पुन्हा कामाला लागलं होतं. हॉप्समधली विकरं माल्टची न आंबणारी साखर तोडतात, यीस्टला आयतं खाद्य मिळतं आणि त्यातून डायअ‍ॅसिटिल नावाचं लोण्याच्या वासाचं द्रव्य वाढतं. हॉप्सची ही करणी इंग्लंडात ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ सालीच लिहून ठेवली आहे. वाचलं होतं, पण समोर पहिल्यांदा आलं.

एक बाटली ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवली, दुसरी तशीच. ऊब मिळाली की दडलेला अंश वासात उतरतो. मग दोन्ही सारख्या गार केल्या आणि टाक्या धुणाऱ्या आप्पांना हाक मारली. गळ्यात तुळशीची माळ, बियरचा थेंब कधी तोंडात घेतलेला नाही. घरी चार म्हशी.

"आप्पा, नुसता वास घ्या."

पहिल्या ग्लासाला ते काहीच बोलले नाहीत. दुसरा नाकाशी नेला आणि लगेच म्हणाले, "ताई, ह्यात लोणी कढवलंय. बेरीचा वास हाय."

दुसरा ग्लास उबवलेल्या बाटलीतला होता.

पॅकिंग थांबवायचं म्हटल्यावर सर वैतागले. त्यांचंही खरं होतं: हॉप्सचा वास रोज थोडा थोडा उडतो, थांबलो तर तोच जाणार. पण बाटलीत आंबणं चालू राहिलं तर दाब वाढून बाटल्या फुटतात, आणि लोण्याच्या वासाखाली संत्रं तसंही दबणारच. डायअ‍ॅसिटिल यीस्टच परत खाऊन टाकतं, फक्त त्याला ऊब हवी. मी अडून बसले. सरांनी गाडी रद्द केली.

टाकी २० अंशांवर नेली. रोज सकाळी तीच दोन बाटल्यांची परीक्षा. चौथ्या दिवशीही बेरी होती, अगदी पुसट. ग्रॅव्हिटी १.००९ वर येऊन थांबली. सहाव्या दिवशी आप्पांनी दोन्ही ग्लास दोनदा हुंगले आणि मान हलवली. "आता संत्र्याची सालच."

मग मी घोट घेतला. साल, राळ, मागून भाजक्या पावाचा गोडवा आणि जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा कडवटपणा. संत्रं पहिल्या दिवसापेक्षा किंचित फिकं झालं होतं, ते मी नोंदवहीत लिहिलं. सरांना ग्लास दिला आणि टाकी गार करायला लावली.